घुम्या नावाचं पॅकेज

परिचारिकांच्या प्रशिक्षणाचं पुस्तक छापायला निघालं होतं आणि त्याची पानं जुळवणारी बाई दोन महिन्यांपूर्वी गेली होती. घरी होता तिचा नवरा. जन्मभर पंप दुरुस्त केलेला फिटर. सकाळी प्रेसवाल्याचा फोन आला, "औषधाच्या मात्रेत एक शून्य जास्त पडलंय. तेवढं काढून दुपारपर्यंत पानं पाठवा. पण दोनशे बाराच राहू द्या. सूची छापून झालीय."

शून्य त्याने काढलं. पण कॉम्प्युटर पानं बनवेना, जागाच नाही म्हणायला लागला. बायकोचं शेवटचं काम, ते आपल्या हातून बिघडायला नको, म्हणून त्याने लेकीला फोन लावला.

"आईने पॅकेजं भरून ठेवलीत, बाबा. लागत नाहीत ती काढून टाकू. स्क्रीनवर हुकूम द्यायची काळी खिडकी उघडा आणि मी सांगते तसं टाइप करा."

पॅकेजं म्हणजे पानं जुळवायची सुटी हत्यारं, एवढं तो बायकोकडून ऐकून होता. हत्यारं म्हटल्यावर त्याची भीड चेपली. काढायचा हुकूम, पुढे पॅकेजचं नाव. मशीनने विचारलं, नक्की ना?

"हो म्हणतोय, पण ऐकत नाही गं."

"काय टाइप केलंत?"

"हो."

"मराठीत? बाबा, त्याला नुसता इंग्रजी वाय पुरतो."

बुद्धिबळाचे पट छापायचं पॅकेज गेलं, गाण्यांच्या चिन्हांचं गेलं, त्याला ओळखू न येणाऱ्या चार लिप्या गेल्या. यादीत शेवटी रोमन अक्षरांत होतं, घुम्या.

"हे कुठलं? मला नेटवर कुठेच सापडत नाही. कचरा असेल, काढा."

त्याची बोटं थबकली. बायको त्यालाच घुम्या म्हणायची, पण दोघंच असताना. लेकीला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने घसा खाकरला आणि वाय दाबला.

पानं आली दोनशे पंधरा. परिच्छेदांच्या शेवटच्या ओळी एकेकट्या पुढच्या पानावर जाऊन बसलेल्या, प्रकरणं सरकलेली, सूचीशी एक आकडा जुळेल तर शपथ.

"शेवटचं काढलं ते परत घालून बघा," लेक म्हणाली. त्याने घालायचा हुकूम दिला. असं पॅकेज कुठेच नाही, असं उत्तर आलं.

"म्हणजे आईने स्वतः लिहिलेलं. पण असलं नाव? बाबा? आहात ना?"

"तो मी आहे," तो म्हणाला.

"कोण तुम्ही?"

"घुम्या. ती म्हणायची मला."

"मग मघाशी गप्प का बसलात?"

"लाज वाटली."

"नाव अगदी बरोबर ठेवलं होतं आईने." ती हसली, मग नाक ओढलं. "थांबा. काढलेल्याची एक प्रत मशीन बाजूला ठेवतं. आईनेच तसं लावून दिलं होतं."

तिने सांगितलेला हुकूम त्याने अक्षर अक्षर तपासून दिला. घुम्या परत आला. फाइल उघडल्यावर वरच बायकोची टीप होती. त्याने ती लेकीला वाचून दाखवली, "शेवटच्या ओळीला एकटीला पुढच्या पानावर जाऊ देत नाही. सोबतीला..." पुढे त्याला वाचवेना.

"सोबतीला आणखी एक ओळ देतो," त्याने पुरं केलं.

"पानं किती आता?"

त्याने पानं पुन्हा बनवायला लावली. "दोनशे बारा."

"पाठवा मग."

त्याने पाठवली. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.

"आणखी काय काय म्हणायची आई तुम्हाला?"

तो खुर्चीत सरसावून बसला आणि सांगायला लागला.