चार हजार फोटोंमधला मुखवटा

काचेच्या पेटीतून मी मुखवटा बोलतोय. सिनेमात उडत येऊन जगाला वाचवणाऱ्या एका वीराचा मी तांबडा मुखवटा, डोळ्यांच्या जागी पांढरी जाळी असलेला.

माझा जन्म एका जुन्या सुटकेसच्या रेक्झिनमधून झाला. बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका बापाने लेकीच्या हट्टापायी मला शिवलं. लेक फोटोग्राफर. त्या वीराला साध्यासुध्या घरात दाखवायचं, ही तिची कल्पना. मग बाबा मला तोंडावर चढवून ओट्यापाशी लसूण सोलू लागले, दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट पाहू लागले. आत घामाच्या धारा, पण तक्रार नाही.

"बाबा, खांदे पाडा. थकलेले दिसा."

"त्याला वेगळं काय करू गं?"

लेक हसायची नाही. तिचं सगळं लक्ष उजेडाकडे.

काम संपलं की ते मला हातात धरून संकोचाने म्हणायचे, "एक माझाही काढ ना, हा न घालता."

"काढू हो बाबा. उजेड गेला आता. पुढच्या रविवारी नक्की."

सहा वर्षांत तो रविवार काही उगवला नाही.

प्रदर्शन गाजलं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले आणि आपल्याच फोटोसमोर उभे राहिले. मागून एक बाई म्हणाल्या, "काका, जरा बाजूला व्हा ना, फोटो दिसत नाहीये." बाबा मुकाट्याने बाजूला झाले. लेक तेव्हा मुलाखत देत होती. फोटोशेजारच्या खिळ्यावर टांगलेल्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या हिवाळ्यात बाबा गेले. वर्तमानपत्रात द्यायला संध्याकाळपर्यंत फोटो हवा होता. मायलेकी संगणकापुढे बसल्या. चार हजार फोटो, आणि प्रत्येकात मी!

"यात ते कुठे आहेत गं?" आईने विचारलं.

लेक एकेक फोटो पुढे सरकवत राहिली. शेवटी जुन्या ओळखपत्रावरचा, नाकावर शिक्का उमटलेला फोटो छापून आला.

आता लोक माझ्या पेटीसमोर थांबतात, शेजारचे फोटो पाहून "काय वेदना आहे!" म्हणतात आणि पुढे सरकतात. मला चीड येते, त्यांची, लेकीची आणि माझीही. वेदना कसली? लेक कॅमेऱ्यातून बघायची, तेवढाच वेळ तिचं बापाकडे लक्ष असायचं. तेवढ्यावर ते खूश होते. तिला थकलेला वीर हवा, म्हणून खांदे पाडायचे. माझ्याआड मात्र दर वेळी हसत असायचे.

कुणी काच उघडून मला उलटं केलंच, तर आत घामाचे डाग दिसतील. ते हसू मला एकट्यालाच ठाऊक आहे, आणि तिला सांगायची काही सोय नाही.