बॅटरीवाल्याची गाडी

मीटरकाकांनी चौतीस वर्षं घरोघरी जाऊन विजेची मीटरं वाचली आणि निवृत्त झाल्यावर त्यांना लिहायची हौस लागली. आधी लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचायचे, आता लोकांना धरून बसवून आपलं लिखाण वाचून दाखवायचं, एवढाच काय तो फरक. वाचनालयाला शंभर वर्षं होत होती. त्यानिमित्त निघणाऱ्या पुस्तिकेत ग्रंथपालांनी त्यांच्याकडे एक प्रकरण सोपवलं होतं: गावातला विजेच्या गाड्यांचा पहिला विक्रेता.

हा विक्रेता गावाला माहीत होता तो थट्टेपुरता. शंभरेक वर्षांपूर्वी त्याने बाजाराच्या कोपऱ्यावर मोठ्या काचेचं दुकान थाटलं, बॅटरीवर चालणारी गाडी आणून मांडली आणि सगळ्या गावादेखत ती चढावर नेऊन दाखवायला निघाला. अर्ध्या चढावर गाडी गप्प झाली. दूधवाल्याच्या घोड्याने ओढत खाली आणली. तेव्हापासून गावात कुठलंही काम अर्ध्यावर राहिलं की त्याची ‘बॅटरीवाल्याची गाडी’ झाली म्हणायची पद्धत पडली. मीटरकाकाही जन्मभर तसंच म्हणत आले होते. जावयाने घराचा रंग अर्धवट सोडला, तेव्हा तर चारचौघांत म्हणाले होते.

विक्रेत्याची नात अजून होती. ऐंशी ओलांडलेल्या, शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना शिवणबाई म्हणत. मीटरकाका दोनदा त्यांच्याकडे गेले आणि दोनदा दारातूनच परत फिरले. तिसऱ्यांदा बाईंनी आत घेतलं, चहा दिला आणि मग सुनावलं.

“चार वर्षांत आजोबांनी एक गाडी विकली. एक. मग दुकानाला कुलूप. शाळेत मी वर्गात आले की मुलं घर्रर्र करायची आणि मध्येच थांबायची. विजेच्या गाडीला आवाज नसतो, तेवढंही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्यावर काही छापू नका. मी गेले की मग खुशाल छापा.”

मीटरकाकांनी खरं ते सांगून टाकलं, की गावात आजोबांना हसणाऱ्यांत आपणही होतो. बाईंनी उठून कपाटातला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. आत आजोबांच्या हातची कार्डं होती. बाईंना त्यांचा अर्थ कधी लागला नव्हता. त्यात काही चांगलं निघालं तर लिहा, नाही निघालं तर डबा परत करा आणि प्रकरण काढून टाका, असं त्यांनी बजावलं. छापखान्याला मजकूर द्यायला आठ दिवस उरले होते.

घरी येऊन मीटरकाकांनी जेवणाच्या टेबलावर कार्डं मांडली. ‘बेकरी. उत्तरेची भिंत, पाण्याच्या नळीच्या डावीकडे, गुडघ्याइतकं उंच. मालकाचा दमा. अर्धा तास.’ ‘लाँड्री. मागची भिंत, खिडकीखाली. भाजलेले हात. पाऊण तास.’ ‘शाळा. फाटकाच्या आत. मुलांचे डोळे, दर सोमवारी, दीड तास.’ दुसऱ्या कुणाला हे गवंड्याचं टिपण वाटलं असतं. पण गावातली एकूण एक भिंत मीटरकाकांना तोंडपाठ होती, आणि या भिंतींवर काय आहे हे त्यांना पक्कं आठवत होतं. पितळी झाकणाची एकेक जुनी डबी, आतल्या तारा कापलेल्या. कंपनीच्या वह्यांत त्यांची नोंद नव्हती. नोकरीत असताना त्यांनी वरिष्ठांना विचारलं होतं, तर ‘असेल काहीतरी जुनंपानं’ म्हणून वाटेला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कार्डं घेऊन गावभर हिंडले. सांगितल्या जागी, सांगितल्या उंचीवर, आठच्या आठ डब्या सापडल्या. बेकरीवाल्याला वाटलं, यांची पुन्हा कामावर नेमणूक झाली, आणि त्याने घाईघाईने बिल भरल्याची पावती दाखवली.

घरी आल्यावर त्यांनी गठ्ठ्यातलं सगळ्यात जुनं कार्ड नीट वाचलं आणि मग सारा उलगडा झाला. चढावरच्या फजितीनंतर आठवड्याच्या आत एकच गिऱ्हाईक दुकानात आलं होतं, गावच्या डॉक्टरीणबाई. पायी फिरून फिरून त्या थकल्या होत्या आणि त्यांना गाडी हवी होती. विक्रेत्याने गाडी दिली नाही. ‘सहा दिवस बाईंबरोबर चालून त्यांची फेरी मोजली,’ असं त्याने लिहिलं होतं. ‘बॅटरी पुरते त्याच्या दीडपट ती लांब आहे. मध्येच थांबणारी गाडी मी डॉक्टरला विकणार नाही.’ मग बाई जिथे जिथे थांबत, तिथे तिथे त्याने स्वतःच्या खर्चाने डबी बसवली. बाईंनी आत रोगी तपासावा, गाडीने बाहेर वीज प्यावी. सगळ्या डब्या बसल्या तेव्हाच त्याने किल्ली दिली. दुसरी गाडी मागवायला त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं, यात नवल ते काय.

आता डब्याच्या तळाशी चिकटलेलं, अजून न वाचलेलं एकच कार्ड राहिलं होतं.

‘चढावरचं शेवटचं घर. दाराच्या उजवीकडे, खांद्याइतकं उंच. सुनेला सातवा महिना. मागच्या दोन्ही वेळी बाई पायी पोहोचेपर्यंत उशीर झाला, मुलं गेली. खालून बॅटरी पुरती भरून निघाली तर गाडी चढेल, पण परतायला पुरणार नाही. कंपनीला सांगून चार खांब वर न्यायचे. बाळंतपणाला लागेल तेवढा वेळ गाडीला मिळेल.’ कार्डाच्या मागे वेगळ्या शाईत एक ओळ होती. ‘मुलगा. दोघं सुखरूप. गाडी आपल्या बळावर घरी आली.’

चढावरच्या शेवटच्या घरात मीटरकाका स्वतः राहत होते. दाराच्या उजवीकडची ती पितळी डबी त्यांच्या घरात छत्रीची खुंटी म्हणून ओळखली जात होती. सबंध चढ अंधारात असताना आमच्या घरी वीज होती, ही पणजोबांची दूरदृष्टी, असं ते हाताखालच्या प्रत्येक नव्या माणसाला सांगत आले होते. पणजोबा दिव्याची वातसुद्धा मोजून जाळायचे, मग खांब कुणी आणले, असं बायकोने एकदा विचारलं तेव्हा ते तिच्यावर उखडले होते. आता त्यांनी कार्ड तिच्यासमोर सरकवलं. तिने दोन्ही बाजू वाचल्या, तारीख पाहिली.

“मामंजी,” ती एवढंच म्हणाली.

मीटरकाका चष्मा काढून बसून राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि बायकोने चेष्टा केली नाही.

दोन दिवसांनी जावयाच्या गाडीतून ते शिवणबाईंना वर घेऊन आले. अर्ध्या चढावर बाईंनी समोरचा दांडा घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले. गाडी थांबल्यावरच त्यांनी ते उघडले. मीटरकाकांनी आधाराने त्यांना दारापर्यंत नेलं, छत्री काढून घेतली आणि शेवटचं कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं.

“ते मूल म्हणजे माझे वडील,” ते म्हणाले. “बाई, मी या जगात आहे तो तुमच्या आजोबांमुळे. आणि मी त्यांना हसत आलो.”

बाईंनी हात उंचावून डबीवर ठेवला. पितळ उन्हाने कोमट झालं होतं.

“म्हणजे गाडी इथवर आली होती?”

“आली होती. आणि परतही गेली.”

“मग पुस्तकात पहिली ओळ हीच घाला,” त्या म्हणाल्या.