दोन खुर्च्यांचे यान

मी एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे फक्त वयाने; वापरून वापरून जुने होण्याचे भाग्य काही मला लाभले नाही. माझ्या कळांवरची अक्षरे अजून कोरी करकरीत आहेत आणि मित्रांनो, याचेच मला वाईट वाटते.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. या घरातले बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या उभ्या बोगद्यात लोंबकळून घरी आले, की हात धुऊन माझे सुटे भाग जोडायला बसायचे. त्यांची मुलगी स्क्रूंची वाटी धरून शेजारी बसे आणि अखंड बडबड करी, म्हणून सगळे तिला मिठू म्हणत. मी कशासाठी जन्माला येतोय हे मला पहिला स्क्रू बसायच्या आधीच ठाऊक झाले होते. 'अथांग' नावाचा अंतराळातला एक खेळ येणार होता. त्यातल्या यानाला दोन खुर्च्या होत्या. एकाने यान चालवायचे, दुसऱ्याने नकाशा बघून वाट सांगायची. बाबा चालवणार होते, मिठू वाट सांगणार होती. खेळ बनवणाऱ्यांनी जेवढी ताकद लागेल म्हणून सांगितले होते, त्याहून थोडी जास्तच बाबांनी माझ्यात घातली आणि माझ्यासमोर दोन खुर्च्या मांडल्या. त्या दिवशी मी चांगलाच भाव खाल्ला.

खेळ हिवाळ्यात येणार होता. हिवाळा आला, खेळ आला नाही. बनवणाऱ्यांपैकी एक दाढीवाला पडद्यावर येऊन म्हणाला, की आणखी काही ग्रह घालतोय, थोडी कळ काढा. बाबांनी कळ काढली. पुढच्या खेपेला तोच दाढीवाला पांढऱ्या दाढीने आला आणि म्हणाला, की आता ग्रहांवर वादळेही होणार आहेत. बाबा खूश. दर रविवारी सकाळी ते माझ्यावरचे फडके काढत, मिठूला शेजारी बसवून नव्या बातम्या वाचून दाखवत आणि फडके पुन्हा घालत. कोणी म्हणे यंदा नक्की येतोय, कोणी म्हणे बनवणाऱ्यांचे आपसात फाटले आहे. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, की या घरात जावई येईल, पण तुमचा खेळ काही यायचा नाही.

मिठूला मात्र साधे, छोटे खेळही चालले असते. एकदा तिने भीत भीत विचारले, "बाबा, तोपर्यंत आपण दुसरं काहीतरी खेळूया का? दोघं?"

"तो आला की खेळू," बाबा म्हणाले. "याच्यात फालतू काही भरायचं नाही. जागा राखून ठेवलीय."

माझ्या पोटात इतकी जागा होती, की असे कितीतरी छोटे खेळ मावून वर उरली असती. मला ओरडून सांगावेसे वाटले. पण आमच्यासारख्यांना कोणी विचारल्याशिवाय बोलता येत नाही. मिठूने पुन्हा कधी विचारले नाही.

ती मोठी झाली. रविवारी बसायची, पण बडबड कमी झाली. मग नोकरीसाठी ती दुसऱ्या शहरात गेली आणि तिच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे येऊन बसले.

आणि एके दिवशी 'अथांग' खरोखरच आला. बाबांनी फोन केला आणि मिठू रजा काढून आली. बाबांनी तिच्या खुर्चीवरचे कपडे उचलले, माझे फडके काढले, खेळ माझ्यात भरला. इतक्या वर्षांनी माझे पोट भरले. पण सुरू करताच पडद्यावर अक्षरे उमटली, की या यंत्राची ताकद अपुरी आहे. नवनव्या ग्रहांबरोबर खेळाची भूक वाढत गेली होती आणि मी होतो तिथेच राहिलो होतो. बाबांनी वादळे बंद केली, चांदण्या कमी केल्या, चित्र पुसट केले. शेवटी कसेबसे यान दिसले. त्याचे दार अर्धे उघडले, आत दोन खुर्च्या दिसल्या आणि तिथेच चित्र अडकले. मित्रांनो, माझा पंखा किंचाळत होता. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण ते दार काही माझ्याने उघडले नाही.

"तुला उगीच इतकी वर्षं थांबवलं मी," बाबा म्हणाले.

"मी खेळासाठी थांबलेच नव्हते, बाबा," मिठू हळूच म्हणाली. "बातम्या वाचताना तेवढं तुम्ही माझ्याशी बोलायचात. म्हणून बसायचे."

बाबांनी मान वर केली नाही. माझी नीट असलेली वायर ते उगाच नीट करत राहिले. दुसऱ्या दिवशी मिठू गेली.

गेल्या रविवारी त्यांनी बातम्या वाचल्या नाहीत. 'अथांग' काढून टाकला आणि एक छोटासा खेळ माझ्यात घातला. दोघांनी दोन घरांतून मिळून खेळायचा, तिला हवा होता तसलाच. मग तिला फोन लावला. ती कामाच्या गडबडीत होती.

"नंतर खेळू ना, बाबा. चालेल?" तिचा आवाज मला ऐकू आला.

"चालेल," बाबा म्हणाले. "तुला सवड झाली की सांग. मी आहे इथेच."

त्यांनी फोन ठेवला, पण माझ्यावर फडके घातले नाही. पडद्यावर दोन इवलीशी याने उभी आहेत. एक बाबांचे आहे. ते अजून सुटलेले नाही.

मित्रांनो, आम्हाला जरूर जपा, पण झाकून ठेवू नका. आमच्या कळा झिजू द्या, अक्षरे पुसली जाऊ द्या, आमची काही तक्रार नाही. आणि शेजारी बसून कोणी "खेळूया का?" असे विचारले, तर माझी आठवण काढा आणि आधी खुर्ची पुढे ओढा.