तेलाच्या डब्यातली मूठ

नव्या बॅटला अळशीचं तेल लावायचं ते बोटांनी, अगदी पातळ, आणि मग ती आडवी ठेवायची. तेलात उभी केली तर खालचं टोक तेल पिऊन मऊ पडतं. हे मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ओरडून सांगितलं होतं. कारण आम्ही मेंढपाळ. आमच्याकडं नवी काठी तेलात उभी मुरवतात, आणि लाकूड दिसलं की अण्णांचे हात शिवशिवतात.

सराव करून घरी आले, तर खाटेवरची बॅट गायब! पडवीत तेलाच्या डब्यातून फडक्यात गुंडाळलेली मूठ तेवढी वर आलेली. माझं डोकंच फिरलं.

"अण्णा, परवा साताऱ्यात मॅच हाय माझी! पार वाट लावली तुमी बॅटची!"

"आगं स्वप्नाले, पर..."

"काय पर? मेंढरं वळायची काठी हाय व्हय ती?"

मी मूठ धरून हिसडली. तेल निथळत बाहेर आलं ते आईचं कपडे बडवायचं धोपाटणं. इतकं हायसं वाटलं की हसूच फुटलं.

"तुजी बॅट आत शाळूच्या पोत्यांवर आडवी ठिवलीया," अण्णा म्हणाले. "बोट बी लावलं न्हाई."

"मग ह्ये कशाला? आता कपडे तर मशीनमधी धुतोय की आपण."

अण्णांनी धोपाटणं माझ्या हातातून अलगद काढून घेतलं.

"ल्हानपणी तू ह्यानंच खेळायचीस न्हवं? चिरा पडाय लागल्यात त्येला."