ताईच्या छातीत अडकलेली पांढरी पेशी

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. 'जुनी' म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. तुमच्या दप्तरातला पेन्सिलीचा तुकडासुद्धा वयाने माझ्यापेक्षा मोठा असेल. पण आमच्यात एवढे जगणे म्हणजे फार झाले. माझ्याबरोबर निघालेल्या बहिणींपैकी आता जवळपास कोणीही उरलेले नाही. डॉक्टर लोक मला न्यूट्रोफिल म्हणतात. नाव भारदस्त आहे, मी मात्र इतकी लहान आहे की सुईच्या टोकावरच्या थेंबभर रक्तात माझ्यासारख्या हजारोजणी मावतात.

जिच्या अंगात माझा जन्म झाला, तिला सगळी गल्ली ताई म्हणते. ताईचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. दुकान म्हणजे रस्त्याच्या वळणावरची एक अरुंद खोली. छताला टांगलेली चाके, खिळ्यांवर अडकवलेले पाने, पंक्चर शोधायला पाण्याने भरलेले घमेले आणि सगळीकडे रबराच्या सोल्युशनचा वास. यातले मी काहीच पाहिलेले नाही. हे सारे मी ऐकून जाणते. ताईच्या वडिलांना कमी ऐकू येते, त्यामुळे त्या घरात मीठ मागायचे तरी ओरडून मागावे लागते. तो आवाज पार हाडापर्यंत पोहोचतो, आणि माझा जन्म हाडातच झाला.

ताईच्या कमरेच्या हाडात. बाहेरून हाड दगडासारखे दिसते, पण आत ते मऊ, लालभडक आणि लग्नघरासारखे गजबजलेले असते. तिथे माझ्यासारख्या पेशी अहोरात्र तयार होत असतात. मी तिथेच वाढले. माझ्या पोटात बारीक बारीक पुड्या भरल्या गेल्या. त्या पुड्यांमध्ये जंतूंना मारणारी आणि विरघळवणारी द्रव्ये असतात. पुडी फुटली की समोर जे असेल ते भाजून निघते. समोर कोण आहे, हे पुडीला कळत नाही. लहानपणी मला याचा अभिमान वाटे. आपण केव्हा एकदा रक्तात उतरतो आणि कामाला लागतो, असे मला झाले होते.

एका सकाळी ताई एका चाकाचा आउट काढत होती. चाक गल्लीत टपाल वाटणाऱ्या पोस्टमनदादांचे होते. चाक फिरवायचे, कुठे वाकडे जाते ते पाहायचे, तिथली तार आवळायची, असे तिचे चालले होते. तेवढ्यात एक गंजलेली तार तुटली आणि तिच्या डाव्या तळहातात खोल घुसली.

"हात बघू," बाबा म्हणाले.

"काही नाही हो बाबा, तार टोचली."

"काय?"

"तार! टोचली!"

"मग साबणाने धू की!"

"धुते, एवढं चाक होऊ दे. दादा केव्हाचे खोळंबलेत!"

ताईने चेन पुसायच्या चिंधीने हात पुसला आणि पुन्हा काम सुरू केले. धुवायचे राहूनच गेले. मित्रांनो, ताई आळशी नव्हती हो. माणूस दुसऱ्याच्या कामात स्वतःला विसरतो, तशी ती विसरली.

तारेवरून आणि चिंधीवरून जंतू आत शिरले होते. माझ्या मोठ्या बहिणी तेव्हा रक्तात होत्या. जखमेकडून हाक आली आणि त्या धावल्या. रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून, घरंगळत, दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून त्या बाहेर पडल्या आणि जंतूंवर तुटून पडल्या. तळहात लाल झाला, गरम झाला, ठणकू लागला. तुम्ही त्याला सूज म्हणता. आमच्यासाठी ती कामाची जागा असते. कितीतरी जंतू त्यांनी गिळले आणि स्वतःही तिथेच मेल्या. जखमेत पू होतो ना, त्याला तुम्ही नाक मुरडता. त्यात बहुतेक आमचीच मेलेली माणसे असतात.

ताईची धाकटी बहीण लॉन्ड्रीत इस्त्रीचे काम करते. ती संध्याकाळी घरी आली आणि हात पाहून चपापली.

"ताई, केवढा सुजलाय! चल, दवाखान्यात जाऊ."

"तू लगेच घाबरतेस. गरम पाण्यात बुडवते, उतरेल."

सूज उतरली नाही. दुसऱ्या दिवशी ताईने दात आवळून ती जखम अंगठ्याने दाबली. थोडा पू बाहेर आला आणि तिला बरे वाटले. पण जेवढे बाहेर आले त्याहून जास्त आत ढकलले गेले. तळहाताच्या खोल कप्प्यांत जंतू पसरले, आणि तिथून ते रक्तात उतरले.

हे आम्हाला हाडात कसे कळले? अशी हाक मी आधी कधी ऐकली नव्हती. सगळे हाड तिने हादरले. 'निघा, असाल तशा निघा,' एवढाच तिचा अर्थ होता. दारे उघडली आणि आम्ही लोंढ्याने बाहेर पडलो. ज्यांची वाढ अजून पुरी झाली नव्हती, अशा कोवळ्या पेशीही आमच्याबरोबर ढकलल्या गेल्या. त्यांना ना धड धावता येत होते, ना धड लढता. त्या आम्हाला विचारत होत्या, "कुठे जायचे?" आणि आम्हालाही ते माहीत नव्हते.

एरवी हाक एका दिशेने येते. तिचा माग काढत जायचे असते. त्या दिवशी हाक सगळीकडून येत होती. हातातून, पायातून, पोटातून, डोक्यातून. रक्ताला ताप चढला होता. माझ्याही अंगात काहीतरी पेटले आणि मी ताठरले. एरवी मी अंग चेपून कुठल्याही बारीक गल्लीतून निघून जाते. पण फुप्फुसातल्या केसाहून बारीक रक्तवाहिनीत शिरले आणि तिथेच अडकले. माझ्या मागून येणाऱ्या माझ्यावर येऊन थटल्या. जखम तळहातात होती, जंतूंचे घर तिथे होते, आणि आमची फौज छातीत कोंडून पडली होती.

फुप्फुसात बसले की माणसाचा आवाज सगळ्यात जवळून ऐकू येतो. ताईचे दात वाजत होते. तिने बाबांना हाक मारली, पण अर्ध्या हाकेतच तिचा श्वास संपला. बाबांना ऐकू आले नाही. ते पाठमोरे बसून ट्यूबला ठिगळ लावत होते. ती पाने ठेवायच्या फळीवर कोसळली आणि पाने खणखणत खाली पडले. जमिनीचा हादरा पायाला जाणवला, तेव्हा कुठे ते वळले.

शेजारच्या टेम्पोतून तिला इस्पितळात नेले. डॉक्टर आल्या. त्यांनी हात पाहिला, छातीला तपासायची नळी लावली, रक्त घेतले, सलाईन लावले, जंतू मारायचे औषध सुरू केले. नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला. सगळे भराभर झाले. बहीण लॉन्ड्रीतून धावत आली होती. तिने विचारले, "औषध दिलंत ना? आता बरी होईल ना ती?"

डॉक्टर खरे बोलणाऱ्या होत्या. "औषध जंतूंना मारेल. पण जंतूंशी लढायला तिच्या पांढऱ्या पेशी धावल्यात, आणि आता त्याच तिची फुप्फुसं भाजतायत. त्यांना परत बोलवायचं औषध माझ्यापाशी नाही. हाताची जखम आम्ही कापून मोकळी करू, श्वासाला मशीन लावू, आणि त्या शांत होईपर्यंत हिला तगवू."

"आणि नाही झाल्या शांत तर?"

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय म्हणतात?" बाबा विचारत होते. "अगं, काय म्हणतात त्या?" त्या खोलीत मोठ्याने बोलायची सोय नव्हती, आणि ते वाक्य ओरडून सांगण्यासारखेही नव्हते. बाबांनी धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहिले असेल, कारण त्यांनी पुन्हा विचारले नाही.

मित्रांनो, डॉक्टर ज्यांच्याबद्दल बोलल्या, त्यांत मी होते. मी ऐकत होते. मला त्यांना ओरडून सांगावेसे वाटले की आम्ही वाईट नाही हो, आम्ही ताईच्याच आहोत. पण आम्हाला आवाज नाही. 'थांबा' म्हणायला तोंड नाही आणि परत फिरायला वाट नाही. आम्हाला फक्त पुढे जाणे शिकवलेले असते.

माझ्या शेजारणीने जाळे टाकले. आम्हाला ती एक शेवटची विद्या येते. आपल्याच अंतरंगातले धागे उसवून बाहेर फेकायचे आणि जंतूंना त्यात गुरफटवायचे. जाळे टाकले की सहसा आपण उरत नाही. तिने जाळे टाकले आणि ती गेली. पण त्या जाळ्यात जंतू कुठला? रक्ताच्या गाठी अडकल्या, आणि आधीच चिंचोळी असलेली वाहिनी बंद झाली. मग तिच्या पलीकडचीने टाकले. मग आणखी एकीने. माझ्या पोटातल्या पुड्या फुटत गेल्या. मी त्या फोडल्या नाहीत, त्या फुटल्या. समोर फुप्फुसाची भिंत होती. साबणाच्या फुग्यासारखी पातळ भिंत. ती भाजली, तिला छिद्रे पडली, आणि जिथे हवा असायला हवी तिथे पाणी झिरपू लागले.

ताई माझ्यापासून त्या पातळ भिंतीएवढ्याच अंतरावर बुडत होती आणि मी पाहत होते.

तिच्या घशात नळी घातली. मशीन हवा आत ढकलू लागले. दर खेपेला ती हवा आमच्यापर्यंत येई, पाण्याला धडके आणि माघारी जाई. शस्त्रक्रियेच्या खोलीत तिचा तळहात उघडून आतला सगळा पू धुऊन काढला. रोज दुपारी बहीण येई आणि ताईच्या कानाशी दुकानातल्या गोष्टी सांगे. कोणाची सायकल आली, कोण काय म्हणाले. "आणि बाबा सगळ्यांना सांगतात, माझी मुलगी आली की मग या. एकाच्याही सायकलला हात लावू देत नाहीत." हे सांगताना तिचा आवाज चिरके. मग ती खोकल्याचे सोंग करी.

हाक एकदम थांबली नाही. आधी पायांकडून येईनाशी झाली, मग पोटाकडून. औषधाने जंतू मेले होते आणि जखमेत नवे वाढत नव्हते. माझ्या अंगातला ताठा उतरू लागला. ज्या बहिणी उरल्या होत्या, त्या एकेक करून मिटून जाऊ लागल्या. कोवळ्या पेशींपैकी तर कोणी दिसेचना. त्यांना आपण कशासाठी आलो होतो हे शेवटपर्यंत कळले नाही.

घशातली नळी काढली, तेव्हा ताईचा आवाज घोगरा झाला होता. तिला एका दमात दोनच शब्द जमत. डॉक्टरांनी तिच्या हाताची पट्टी सोडली.

"ही दोन बोटं आता पुरती मिटणार नाहीत," त्या म्हणाल्या. "आतल्या दोऱ्या खराब झाल्यात. व्यायाम करा, थोडा फरक पडेल. आणि दम लागेल बरेच दिवस. घाई करू नका."

"पाना... धरता येईल?"

"बघू या."

डॉक्टर गेल्यावर ताई रडली. माणूस रडतो तेव्हा छाती कशी हलते, हे तुम्ही बाहेरून पाहता. मी ते आतून सोसले. ती वाचली याचा आनंद मला झाला, पण तो आनंद कोणत्या तोंडाने दाखवू? तिला वाचवायला निघालेली मी, तिच्या श्वासाच्या वाटेत धोंडा होऊन बसले होते.

म्हणून मित्रांनो, जाता जाता तुमच्यापाशी एक मागणे मागते. जखम लहान असली तरी तिला साबण आणि वाहते पाणी दाखवा. सूज वाढू लागली, अंगात ताप भरला, तर 'उतरेल' म्हणून बसू नका. ती दाबू नका. मोठ्या माणसांना सांगा, आणि मोठी माणसेच टाळत असतील तर त्यांच्या मागे भुणभुण लावा. थोडे काम असते तेव्हा आम्ही ते चोख करतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. पण आम्हाला असे सैरभैर होऊ देऊ नका. एकदा भडकलो की थांबणे आमच्या हातात राहत नाही, आणि तुमच्या डॉक्टरांच्याही फारसे राहत नाही.

इथे फुप्फुसात सफाई करणाऱ्या मोठ्या पेशी राहतात. मेलेल्या आणि थकलेल्या पेशींना त्या हळूच गिळतात, म्हणजे आमच्या उरल्यासुरल्या पुड्या फुटून आणखी नासधूस होत नाही. त्यांतली एक सकाळपासून या बाजूला येत आहे. माझ्या अलीकडच्या बहिणीला तिने आत्ताच उचलले. आता माझी पाळी आहे. मला भीती वाटत नाही. ताई पलंगाच्या कडेला बसून सावकाश श्वास घेण्याचा सराव करते आहे. मी इथून उठले की तेवढी जागा मोकळी होईल आणि तिच्या श्वासाला तेवढी वाट मिळेल. तिच्यासाठी मला करता येण्यासारखे आता एवढेच उरले आहे.