मनगटाखालून दिलेली साक्ष

थूआजींची जीभ मी पाहिलेली नाही. त्यांचा मृत्यूही पाहिलेला नाही. मी नाडी पाहण्याची उशी आहे. रुग्णाच्या मनगटाखाली माझी जागा, आणि तिथवर जे पोहोचते तेवढ्याचीच साक्ष मी देऊ शकते.

गान नदीकाठच्या गावात न्ये वैद्यांच्या पत्नीने मला शिवले. वर निळे सुती कापड, आत भाताची तुसे. एकोणतीस वर्षे मी वैद्यांच्या टेबलावर होते. माझ्यावर हात ठेवताना माणसे श्वास रोखतात आणि वैद्यांच्या बोटांकडे नव्हे, चेहऱ्याकडे पाहत राहतात.

पाहणे, ऐकणे, विचारणे आणि शेवटी नाडी, ही वैद्यांची रीत. चहूकडून आलेली लक्षणे एका आकृतीत बसली, की रोग थंडीचा की उष्णतेचा हे ठरते. औषध त्याच्या उलट. लक्षणे एकमेकांना खोडू लागली, तर कोणते मानायचे आणि कोणते टाकायचे, हे वैद्याने ठरवायचे. या टाकण्यावर माझा विश्वास कधीच बसला नाही.

त्या हिवाळ्यात, आठ दिवसांच्या तापानंतर, थूआजींना त्यांची सून च्यूश्यांग घेऊन आली. मनगट माझ्यावर टेकले ते बर्फासारखे.

“तहान लागते का, वहिनी?” वैद्यांनी विचारले.

“लागते की.”

“गरम पाणी सारखं देतेच मी,” सून मध्येच म्हणाली.

“देते कसली, ओतते. पिसं उपटायच्या आधी बदकावर ओततात तसं.”

वैद्य हसले. गार पाणी हवेसे वाटते का, म्हणजे आत उष्णता आहे का, हे त्यांनी विचारले नाही. आमच्याकडे आजाऱ्याला गार पाणी कोणी देत नाही. मग ते कोणी मागतही नाही.

त्यांची तीन बोटे मनगटावर आली. हलक्या दाबाला जवळजवळ काहीच लागले नाही. मग त्यांनी हाडापर्यंत दाबले, आणि तिथे, अगदी माझ्यालगत, ठोका होता: जलद, कठीण, बळाचा. थंडीच्या रोगात असा ठोका नसतो. बोटे थबकली.

“जीभ काढा.” थोड्या वेळाने ते पुटपुटले, “पिवळा थर नाही, म्हणजे उष्णता नाही. ओली आहे.”

बोटे उचलली गेली. एका बाजूला गार हात आणि स्वच्छ जीभ, दुसऱ्या बाजूला एकटी नाडी. वैद्यांनी नाडी टाकली. शुद्ध केलेला बचनाग आणि सुंठ लिहून दिली. दोन्ही अंग पेटवणारी.

सहा दिवसांनी च्यूश्यांग केसांत सुतकाचे पांढरे फूल माळून आली. बसताच सवयीने तिने हात माझ्यावर ठेवला.

“कधी गेल्या?”

“त्याच संध्याकाळी.”

“एक विचारतो, सूनबाई. इथे यायच्या आधी त्यांनी जिभेचा थर जाईल असं काही खाल्लं होतं?”

“काही नाही. तोंड तेवढं मी स्वच्छ केलं. जिभेवर जाड पिवळा थर होता, वास मारत होता. चमच्यानं खरवडला, चुळा भरवल्या. तशी जीभ तुमच्यासमोर कशी काढायला लावू, न्येकाका? तुम्हीच म्हणाला असता, सून बघत नाही.”

वैद्यांनी विचारले, “काढा घेतला त्यांनी?”

“वाटी उशाशी ठेवून मी गिरणीत गेले. आले तेव्हा वाटी रिकामी होती. पण आधीच्या वैद्याची दोन औषधं त्यांनी खिडकीतून ओतली होती. म्हणायच्या, कोंबड्यांना गुण येऊ दे.”

त्यानंतर वैद्य प्रत्येकाला आधी विचारत, “जीभ घासून आलात का?” लोक हसत. आता त्यांनी काम सोडले आहे. माझी शिवण उसवली आहे, तुसे गळतात, आणि मी खणात पडून आहे. कोणी ऐकत असेल तर एवढेच: वैद्याकडे नीटनेटके होऊन जाऊ नका. रोग जसा आहे तसा न्या.

त्या दिवशी च्यूश्यांग घरी परतल्यावर वैद्य स्वतः थूआजींच्या खोलीची ती खिडकी पाहून आले. परत येऊन माझ्यावर पालथा हात टाकून त्यांनी पत्नीला सांगितले, की खिडकीखालची माती ओली आहे.

पण त्या आठवड्यात पाऊस एक दिवसही थांबला नव्हता.