बेलभंडारा कोणी उचलला

सगुणाचे पत्र आले ते १९९५च्या दिवाळीनंतर. निळे आंतर्देशीय, कडांपर्यंत लिहिलेले. मी त्याचे उत्तर दिले नाही. चार वेळा लिहायला बसलो, एवढेच.

ती माझी जुनी विद्यार्थिनी. ओझरहून एसटीने आमच्या नाशिकच्या कॉलेजात यायची आणि राज्यशास्त्राच्या तासाला मला अडवायची. मी शिकवत होतो, की रोजच्या भांडणांना भ्यालेली माणसे आपापसांत करार करतात आणि सगळी सत्ता एकाच्या हाती देतात. तो राजा करारात नसतो, म्हणून करार मोडल्याचा दोष त्याला लागत नाही. "म्हणजे सर, बांधलेले सगळे, आणि तो एकटा मोकळा?" तिने विचारले, तेव्हा वर्ग हसला होता. मीही हसलो होतो. त्या वर्गातले तिरपे ऊन आणि खडूची धूळ मला अजून आठवते. इतक्या ठामपणे मी पुन्हा कुठे बोललो नाही.

लग्न होऊन ती लासलगावजवळच्या एका खेड्यात गेली. पत्रात होते ते असे: आदल्या निवडणुकीत गावात डोकी फुटली होती. यंदा खंडोबाच्या देवळात घरटी एका पुरुषाने बेलभंडारा उचलून शपथ घेतली, की देवराम सरपंच सांगतील तेच उमेदवार. त्यांच्याविरुद्ध कोणी अर्ज भरायचा नाही. "आमच्या घरातून सासऱ्यांनी उचलला. देवरामांनी स्वतः उचलला नाही. मी तर हातही लावलेला नाही. मला बायकांच्या राखीव जागेवर उभं राहायचंय. मी बांधील आहे का? सोमवारच्या आत कळवा, अर्जाची मुदत आहे."

मी पुस्तके काढली. मूक संमती, घरच्या कर्त्याची संमती, अराजकाची भीती. एका पानावर हो, दुसऱ्यावर नाही. सोमवार गेला.

२००५च्या जूनमध्ये ती दारात उभी. मुलीला कॉलेजात घालायला आली होती. मुलगी फॉर्मच्या रांगेत होती.

"ओळखलं का सर?"

"सगुणा."

"लय वाळलात हो. सरका, चहा मी टाकते."

चहा पिताना तिने सहज विचारले, "माझं पत्र मिळालं होतं का? मला वाटलं, पत्ता चुकला."

खोटे बोलायची सोय तिनेच करून दिली होती. मला ती घेता आली नाही. "मिळालं होतं," मी म्हणालो.

तिने कप बशीत ठेवला. "मग नाय भरला अर्ज. आमचे हे म्हणायचे, तुझ्या सरांचं येऊ दे, मी बाबांशी बोलतो. पोस्टमन येईस्तोवर ओट्यावर बसून राहायचे."

"आणि देवराम?"

"हायेत की. नळ कोणत्या आळीला सोडायचा तेबी तेच ठरवतात. विचारायला गेलं तर म्हणतात, शपथ तुम्ही घेतली, मी कुठं घेतली?" ती हसली. "तुमचा पुस्तकातला राजाच हाय सर तो. फक्त टोपी घालतो."

मग म्हणाली, "निवडणूक आलीय. शुक्रवारी देवळात परत बैठक हाय. औंदा बायकांनीबी उचलायचा म्हणे."

"तू काय करणार?"

"तुम्ही सांगा."

"तसं दोन्ही बाजूंनी पाहिलं तर..."

"राहू द्या सर. दोन्ही बाजू लिहिल्या की तुम्ही दहात सात द्यायचात. तिथं कोण मार्क देतंय?"

कपबशा विसळून, पालथ्या घालून ती गेली.

मी लगेच कागद घेतला. 'तू बांधील नव्हतीस,' असे लिहिले. हे तर दहा वर्षांपूर्वीचे उत्तर झाले. 'नव्हतीस' खोडून 'नाहीस' केले. पुढे लिहिले, 'दुसऱ्याने तुझ्या वतीने घेतलेली शपथ तुझी होत नाही. शुक्रवारी भंडाऱ्याला हात लावू नकोस. अर्ज भर. हे कुठल्या पुस्तकात बघून लिहिलेले नाही. तेव्हा उत्तर ठाऊक होते, लिहायला भ्यालो.'

पोस्टात खिडकीतल्या बाईंना विचारले, "लासलगावकडे शुक्रवारच्या आत पोचेल ना?"

"आज सोमवार. पोचेल. पण काका, एवढी घाई आहे तर फोन करा की."

"तिने लेखी विचारलं होतं," मी म्हणालो.

बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकले. माझ्यामागे रांगेत कोणी नव्हते, तरी मी बाजूला झालो.